रात्री आठचा मराठीचा तास आणि अण्वस्त्रांचा विषय

२०२०च्या टाळेबंदीत शाळेचे वर्ग मोबाईलवर घ्यायची वेळ आली आणि फोंड्यातल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत मी पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर बसले. ते दिवस कसे गेले हे त्या वर्षी शिक्षक असलेल्या कुणाला सांगायला नको. शाळा पुन्हा भरायला लागल्या तोवर ओळखीच्या एका बाईंनी अमेरिकेतल्या नातवाला मराठी शिकवाल का म्हणून विचारलं होतं. त्याच्यामागून आणखी काही जण आले, आणि निवृत्तीनंतर संध्याकाळचा माझा हाच उद्योग झाला.

गोव्यात बसून मराठी शिकवते म्हटलं की पुण्या-मुंबईचे लोक भुवया उंचावतात. आमच्याकडे १९८७च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठी वापरता येईल अशी तरतूद राहिली. त्यावरचा वाद अधूनमधून उकळतच असतो. आमच्या घरात बोलायला कोकणी, वाचायला-लिहायला मराठी, असं आजीच्या आधीपासून चालत आलंय, आणि त्यात कुणाचं काही अडल्याचं मी पाहिलेलं नाही. असो. तो विषय काढला तर आजचा राहून जाईल.

तंत्राचं आधी सांगते, कारण या कामात नव्याने उतरणारे तेच विचारतात. झूम आणि त्याच्यासारखी इतर ॲप आजूबाजूचा गोंगाट आपोआप गाळतात. ऑफिसच्या बैठकीला ते बरं, पण भाषा शिकवताना घात करतं. ‘भ’, ‘ध’, ‘ख’मधला श्वास त्या गाळणीत कधीकधी अडकतो, आणि विद्यार्थी ‘भात’ बरोबर म्हणाला की ‘बात’ म्हणाला हे कळेनासं होतं. सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड’ म्हणून पर्याय असतो, तो चालू करायचा आणि दोन्हीकडे हेडफोन घालायचे. मग पावसाचा आवाजही येतो, त्याला इलाज नाही. जूनमध्ये आमच्या मागच्या पत्र्यांवर पाऊस कोसळायला लागला की मी बोलणं थांबवते आणि लिहायला देते.

‘ळ’ समोरून पाहून कुणाला येत नाही. मी खुर्ची वळवून कॅमेऱ्याला गाल दाखवते, तोंड जरा जास्त उघडते, जिभेचं टोक वर जाऊन मागे वळतं आणि खाली आपटतं ते दिसू देते. वर्गात असं केलं असतं तर पोरं हसली असती. पडद्यावर ते बिनदिक्कत चालतं, उलट विद्यार्थी आपला चेहरा कॅमेऱ्याच्या इतका जवळ आणतो की दात मोजता यावेत. अक्षरांसाठी जुना मोबाईल स्टँडवर उपडा टांगलाय, त्याखाली वही. मी लिहिते तसं त्यांना वरून दिसतं. टाइप केलेल्या अक्षरापेक्षा हे शंभर पटीने बरं, कारण ‘क्ष’ कुठून सुरू होतो हे छापलेलं अक्षर सांगत नाही. समूहाने म्हणून घेणं मात्र विसरायचं. प्रत्येकाचा आवाज वेगवेगळ्या उशिराने पोचतो आणि भजनाचा पार बोजवारा उडतो. लाईट जायची ती जातेच. राउटर इन्व्हर्टरवर घेतला की निम्मी काळजी मिटते.

हे सगळं महिना-दोन महिन्यांत बसतं. जे बसत नाही ते वेगळंच असतं.

माझा एक वर्ग वरच्या पातळीचा आहे, वाचता येणाऱ्या प्रौढांचा. न्यू जर्सीत वाढलेला तो नातू आता कॉलेजात आंतरराष्ट्रीय संबंध शिकतो. फ्रान्समधल्या ब्रेस्टची एक तरुणी आहे, मडगावच्या घरात सून म्हणून आलेली. सासू बोलते कोकणीत पण पेपर आणि पोथी वाचते मराठीत, म्हणून हिला दोन्ही हवंय. तिसरे काका, मूळ केरळचे, नौदलातून निवृत्त होऊन वास्कोत स्थायिक झालेले. सूनबाई साताऱ्याची, नातू मराठीत बोलतो, आणि नातवाशी इंग्रजीत बोलणं त्यांना पसंत नाही. माझ्याहून वयाने मोठे असूनही ते मला ‘टीचर’ म्हणतात. बाकीचे दोघं ‘बाई’.

या तिघांना शब्द येत होते, व्याकरण येत होतं, तरी तास मरगळायचा. मी बाजारातला संवाद द्यायचे, डॉक्टरकडचा द्यायचे, ‘तुमच्या गावातल्या सणाबद्दल सांगा’ म्हणायचे. उत्तर दोन वाक्यांत संपायचं, आणि मग शांतता. एका खोलीत बसलेल्या माणसांची शांतता सुसह्य असते. कुणी पाणी पितं, कुणी खिडकीबाहेर पाहतं. पडद्यावर चार चौकटींत चार चेहरे एकमेकांकडे टक लावून बसतात, ते बघवत नाही. पुढे माझ्या लक्षात आलं की त्या संवादांतली वाक्यं कुणालाच उद्देशून नव्हती. ‘टोमॅटो कसे दिले?’ हे वाक्य ब्रेस्टच्या बाईने लॅपटॉपला उद्देशून म्हणायचं, तर त्यात जीव येणार कुठून?

अण्वस्त्रांचा विषय न्यू जर्सीच्या पोराने आणला. त्याला कॉलेजात भारताच्या अण्वस्त्र धोरणावर निबंध लिहायचा होता, आणि घरी आजोबांशी त्याच विषयावर रोज वाद चालू होता, मराठीत. ‘बाई, आजोबा जिंकतात कारण त्यांना मराठी जास्त येतं,’ म्हणाला. मला हे कारण एकदम पटलं.

मी काही संरक्षण विषयातली जाणकार नाही. पण शिक्षकाला विषय आधीपासून यायलाच हवा असं नाही, विद्यार्थ्याच्या दोन पानं पुढे असलं की भागतं. मी वाचत बसले. या विषयाला गोव्याचे धागे इतके आहेत हे मला ठाऊक नव्हतं. १९७४ आणि १९९८ या दोन्ही वेळच्या पोखरणच्या चाचण्यांत ज्यांचा वाटा होता आणि जे पुढे अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले, त्या अनिल काकोडकरांचे वडील पुरुषोत्तम काकोडकर गोवा मुक्तिलढ्यातले. आणि अण्वस्त्रांच्या विरोधात शांतता चळवळीत उतरलेले, भारतासारख्या उन्हाच्या देशाने अणूपेक्षा सूर्याकडे पाहावं असं सांगत राहिलेले गणिती दामोदर धर्मानंद कोसंबी, तेही जन्माने गोव्याचेच. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतलं त्यांचं काम १९६२मध्ये संपलं. एवढ्याशा प्रदेशातून या वादाच्या दोन्ही टोकांना माणसं पोचली, आणि आमच्या शाळांत मुलांना यातलं अवाक्षर कुणी सांगत नाही. मीही सांगितलं नव्हतं.

वर्गासाठी मुख्य पाठ म्हणून घेतलं ते ४ जानेवारी २००३चं निवेदन. मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने त्या दिवशी भारताच्या अण्वस्त्र धोरणाचा सारांश जाहीर केला. तो एका पानात मावतो. मी तो साध्या मराठीत लिहून काढला: विश्वासार्ह पण किमान एवढा धाक उभा करायचा आणि टिकवायचा. अण्वस्त्र आपण पहिल्यांदा वापरणार नाही. भारताच्या भूमीवर किंवा कुठेही असलेल्या भारतीय सैन्यावर अण्वस्त्र हल्ला झाला तरच वापरू. पण मग उत्तर प्रचंड असेल, शत्रूला सोसणार नाही इतकं नुकसान करणारं. तो निर्णय फक्त नागरी राजकीय नेतृत्व घेईल. ज्यांच्याकडे अण्वस्त्रं नाहीत त्यांच्यावर वापरणार नाही. मात्र जैविक किंवा रासायनिक अस्त्रांनी मोठा हल्ला झाला तर अण्वस्त्राने उत्तर द्यायचा पर्याय राखून ठेवतो. शिवाय निर्यातीवर कडक नियंत्रण, नव्या चाचण्यांना स्वतःहून घातलेली बंदी आणि अण्वस्त्रमुक्त जगाशी बांधिलकी.

मराठीच्या बाईच्या नजरेने पाहिलं तर हे पान म्हणजे ‘जर-तर’, ‘तरच’, ‘मात्र’, ‘वगळता’ यांची खाण आहे. जिथे वरच्या पातळीचे विद्यार्थी हमखास अडखळतात त्या सगळ्या जागा एका पानावर. पण तास रंगला तो व्याकरणामुळे नव्हे. मी एकच प्रश्न ठेवला होता: प्रत्येक वाक्य कुणाला ऐकवायला लिहिलंय?

पहिल्याच वाक्यावर जुंपली. ‘किमान’ हा शब्द चीनसाठी की पाकिस्तानसाठी? पोरगा म्हणाला, जगासाठी, म्हणजे आम्ही शस्त्रस्पर्धेत नाही हे सांगायला. ब्रेस्टची म्हणाली, अर्थमंत्र्यासाठी. नागरी नेतृत्वाचं वाक्य कुणाला? शेजारच्या देशाला, असं दोघांनी लगेच सांगितलं. काका इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, ‘नाही टीचर. ते आमच्यासाठी.’ म्हणजे गणवेशातल्या माणसांसाठी. अण्वस्त्र वापरायचा आदेश देणाऱ्या राजकीय परिषदेचे अध्यक्ष पंतप्रधान असतात, सल्ला देणारी कार्यकारी परिषद वेगळी, तिचे अध्यक्ष राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार. सैन्य हुकूम पाळतं, हुकूम काढत नाही. हे त्यांनी थांबत थांबत पण पूर्ण मराठीत सांगितलं. एका दमात एवढं बोललेले मी त्यांना त्याआधी ऐकलं नव्हतं.

‘धाक’ या कल्पनेशी ब्रेस्टची सोडून बाकी दोघं जरा अडले होते. न वापरायचं शस्त्र काम कसं करतं? मी त्यांना गावच्या राखणदाराचं सांगितलं. आमच्याकडे गावोगाव राखणदार असतो, म्हणजे गाव राखणारा अदृश्य देव. रात्री हातात दांडा घेऊन शिवेवरून फिरतो, त्याला रोट द्यावा लागतो. कुणी त्याला पाहिलेलं नसतं, पण अपरात्री दुसऱ्याच्या बागायतीत शिरायचं धाडसही फारसं कुणी करत नाही. पोराला हे फार आवडलं. पण लगेच म्हणाला, ‘राखणदाराला निवेदन काढावं लागत नाही.’ खरंय. राखणदाराबद्दल शंका घेणारा शेजारच्या वाड्यावर राहतो आणि त्याची आजीच त्याला गप्प करते. देशांना अशी आजी नाही. म्हणून मग अग्नी-५ हे लांब पल्ल्याचं क्षेपणास्त्र, म्हणून अरिहंत ही अण्वस्त्रवाहू पाणबुडी. अरिहंतने पहिली गस्त पूर्ण केल्याचं नोव्हेंबर २०१८मध्ये पंतप्रधानांनी जाहीर केलं, आणि ते जाहीर करणं हाच गस्तीचा निम्मा हेतू. पहिला वार आपण करणार नाही म्हटलं की तो सोसून उरलेलं काहीतरी लपवून ठेवावंच लागतं, आणि समुद्रासारखी लपायची जागा दुसरी नाही. पाणबुडीचा विषय निघाला तेव्हा काकांनी छापील बातमीच्या पलीकडे एक अक्षर काढलं नाही. पोराने खोदून खोदून विचारलं. ‘पेपरात आहे तेवढं मला माहीत आहे,’ हे वाक्य काकांनी इतक्या निर्दोष मराठीत म्हटलं की मी ते फळ्यावर लिहून ठेवलं.

पुढच्या तासाला मी नियम केला: आपली बाजू मांडायची नाही, दुसऱ्याची मांडायची. पोराला पाकिस्तान दिला, काकांना फ्रान्स आणि ब्रेस्टच्या मुलीला भारत. ती मुलगी जिथे वाढली त्याच बंदराच्या पलीकडे ईल लाँगचा तळ आहे, फ्रान्सच्या चारही अण्वस्त्रवाहू पाणबुड्यांचं घर. १९७२पासून त्यांची निदान एक पाणबुडी कायम समुद्रात असते. पहिल्यांदा वापरणार नाही असं वचन फ्रान्सने कधी दिलेलं नाही. उलट वेळ आलीच तर शेवटचा इशारा म्हणून एकदाच मर्यादित वार करायचा हक्क त्यांनी धोरणातच राखून ठेवलाय. अध्यक्ष माक्रों यांनी फेब्रुवारी २०२०च्या भाषणात अस्त्रांची संख्या ३००च्या आत असल्याचं सांगितलं. भारताचा आकडा सरकार सांगत नाही. स्टॉकहोमच्या सिप्री या संस्थेचा २०२५चा अंदाज १८०च्या आसपासचा आहे.

तर ही मुलगी, लहानपणापासून ‘शेवटचा इशारा’ हा शब्द ऐकलेली, ‘आम्ही पहिल्यांदा वापरणार नाही’ ही भारताची भूमिका मांडत होती. पहिल्यांदा तिला ते भाबडं वाटलं, आणि चेहऱ्यावर दिसत होतं. मग पोराने पाकिस्तानच्या वतीने नस्र क्षेपणास्त्र पुढे केलं. २०११मध्ये चाचणी झालेलं, पल्ला साधारण ६० किलोमीटर, शहरावर टाकायचं नव्हेच, रणगाड्यांच्या तांड्यावर टाकायचं. ‘तुमचं सैन्य आमच्या हद्दीत घुसलं आणि आम्ही आमच्याच भूमीवर एक छोटं अस्त्र वापरलं, तर तुम्ही आमची शहरं जाळणार का?’ निवेदनात ‘कुठेही असलेलं भारतीय सैन्य’ असं स्पष्ट आहे, आणि उत्तर ‘प्रचंड’ असेल हेही आहे. तिने दोन्ही वाक्यं वाचून दाखवली. पोरगा म्हणाला, ‘वाचलं मी. पण मला खरं वाटत नाही.’

इथे सगळे थांबले, आणि ही शांतता जुन्यासारखी नव्हती. तीन माणसं उत्तर शोधत होती.

तिने शोधलेल्या उत्तराला मला आजही दाद द्यावीशी वाटते. ऑगस्ट १९९९चा मसुदा मी वाचायला दिला होता, राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मंडळाने तयार केलेला. त्यात उत्तर ‘दंड देणारं’ असेल असं होतं. २००३मध्ये ते ‘प्रचंड’ झालं, आणि जैविक-रासायनिक अस्त्रांचा अपवाद नव्याने आला. ती म्हणाली, ‘तुम्हाला खरं वाटू नये असं वाटलं असतं तर आम्ही जुनंच ठेवलं असतं. तुमच्यासाठी बदललं.’ वाक्यरचना जरा लंगडी होती. मी दुरुस्त केली नाही. माणूस भांडत असताना त्याचं व्याकरण दुरुस्त करू नये, नंतर करावं.

पर्रीकरांचा तास मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. १० नोव्हेंबर २०१६ला, संरक्षणमंत्री असताना, दिल्लीतल्या एका कार्यक्रमात मनोहर पर्रीकर म्हणाले की पहिल्यांदा वापरणार नाही असं सांगून मी स्वतःला बांधून का घ्यावं, आपण जबाबदार अण्वस्त्रधारी देश आहोत आणि बेजबाबदारपणे वापरणार नाही एवढं म्हटलं तर पुरे. हे आपलं व्यक्तिगत मत, असंही ते त्याच दमात म्हणाले, आणि मंत्रालयानेही तसा खुलासा केला. गोव्यात ज्याने ‘भाईं’ना बोलताना ऐकलंय त्याला या वाक्यातला सूर लगेच कळतो. तो म्हापशाच्या सभेतला सूर होता. समोरच्याला कोड्यात टाकायचं आणि जरा हसायचं. पण ऐकणारे या वेळी म्हापशाचे नव्हते.

प्रश्न तोच: हे वाक्य कुणाला? पोरगा म्हणाला, इस्लामाबादला, आणि ‘व्यक्तिगत मत’ हा भाग वॉशिंग्टनला. काका म्हणाले, मंत्र्याला व्यक्तिगत मत नसतं. त्यांच्या आवाजात धार होती. ब्रेस्टची म्हणाली, नसतं म्हणूनच ते उपयोगी पडतं. धोरण जागचं हलत नाही, शंका मात्र पोचते. मग मी १६ ऑगस्ट २०१९चं राजनाथसिंहांचं पोखरणमधलं विधान वाचून दाखवलं: आजवर पहिल्यांदा न वापरण्याचं धोरण आहे, पुढे काय होईल ते परिस्थितीवर ठरेल. लेखी धोरण आजही २००३चंच आहे. तिघांचं एकमत झालं नाही आणि मी करायलाही गेले नाही. झूमचा फुकटचा चाळीस मिनिटांचा काळ संपला, तिघं पुन्हा जोडले गेले आणि भांडत राहिले. न्यू जर्सीत त्या वेळी सकाळ असते, पोराचं कॉलेजचं लेक्चर बहुधा बुडालं.

माझं स्वतःचं मत विचाराल तर मला कोसंबींच्या बाजूला बसायला आवडेल. वर्गात ते मी सांगितलं नाही. बाईंचं मत कळलं की विद्यार्थी बाईंना खूश करणारी वाक्यं रचतात, आणि मग ऐकणारा पुन्हा हरवतो.

हाच पाठ मी दुसऱ्या एका वर्गात घेतला तेव्हा तो अजिबात चालला नाही. ती सगळी हौशी मंडळी, तळेगावच्या आत्याशी बोलता यावं म्हणून शिकणारी. त्यांना अग्नी-५शी काही देणंघेणं नव्हतं. त्यांच्यासाठी मी वाटणीच्या घराचं भांडण घेतलं, ते तुफान गेलं.

वरच्या वर्गाला पुढचा विषय काय, म्हणून विचारलं तर पोराने म्हादई नदीच्या पाण्याचा वाद सुचवला. त्याने वाचलं होतं: लवादाने २०१८मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं आणि वाद अजून कोर्टात आहे. मी म्हटलं, हा विषय मला जमायचा नाही. आमच्या नळाला ओपाचं पाणी येतं, ओपाला खांडेपार नदी, आणि खांडेपार म्हादईचीच उपनदी. अण्वस्त्रांवर तोंड बंद ठेवून बसता येतं, यावर मला नाही येणार. काका हसले. म्हणाले, ‘टीचर, नियम तुमचाच आहे. कर्नाटकाची बाजू तुम्ही मांडा.’

तेव्हा सध्या कळसा-भांडुराची, म्हणजे म्हादईचं पाणी वळवायच्या कर्नाटकाच्या प्रकल्पाची, कागदपत्रं वाचतेय. हुबळी-धारवाडच्या पिण्याच्या पाण्याचा मुद्दा सुरुवातीला घ्यावा म्हणते, त्याला उत्तर देणं त्यांना जड जाईल.